औषध दारापर्यंत पोहोचले. समज पोहोचते आहे का?

तिरुवैयारु (जि. तंजावर, तमिळनाडू) : उच्च रक्तदाब आणि मधुमेह या दोन आजारांचे औषध रुग्णाच्या घरी नेऊन देणारी 'मक्कळै तेडि मरुत्तुवम्' ही योजना तमिळनाडूत ५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाली. 'लोकांच्या शोधात निघालेले वैद्यक' असा या नावाचा अर्थ. कृष्णगिरी जिल्ह्यातील सामनपळ्ळी या खेड्यात मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी तिचा प्रारंभ केला. असंसर्गजन्य आजारांच्या प्रतिबंधासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था कृतिगटाने सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेला पुरस्कार दिला. राज्यभरातील दहा हजारांहून अधिक महिला आरोग्य स्वयंसेविका हा या योजनेचा कणा आहे. तंजावरच्या उत्तरेस कावेरीकाठी वसलेल्या तिरुवैयारुपासून निलगिरीच्या डोंगरापर्यंत त्याच घरोघरी जातात.

गोळ्यांची पाकिटे पोहोचवण्याची व्यवस्था बसली आहे. आता प्रश्न पुढचा आहे. ज्या घरात ते पाकीट जाते, त्या घराला ती गोळी कशासाठी आहे, ती बंद केल्यास काय होते आणि कोणते लक्षण दिसल्यास रुग्णालय गाठायचे, हे उमगले आहे का? आणि त्याआधी, पाकीट देणाऱ्या स्वयंसेविकेला ते स्वतःच्या शब्दांत सांगता येते का? आरोग्यसाक्षरता या काहीशा जड शब्दाचा व्यवहारातील अर्थ एवढाच आहे. महाराष्ट्रातील आशा कार्यकर्त्यांनाही हाच प्रश्न लागू होत असल्याने तो समजून घेणे मराठी वाचकासाठीही अगत्याचे आहे.

आकड्यांतील दरी

तमिळनाडूत २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'स्टेप्स' पद्धतीने एक सर्वेक्षण झाले. त्यानुसार राज्यातील ३३.९ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि १७.६ टक्के प्रौढांना मधुमेह होता. मात्र खरी चिंता पुढच्या दोन आकड्यांत होती. उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी केवळ ७.३ टक्के लोकांचा रक्तदाब आटोक्यात होता, तर मधुमेहींपैकी १०.८ टक्के लोकांचीच साखर नियंत्रणात होती. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेसाठी देशात नावाजलेल्या राज्याची ही स्थिती होती. घरपोच योजनेमागे हेच निदान होते. योजना रुळल्यानंतर झालेल्या दुसऱ्या फेरीत नियंत्रणाचे प्रमाण रक्तदाबासाठी सुमारे १७ टक्क्यांवर आणि मधुमेहासाठी १६.७ टक्क्यांवर गेले. वाढ लक्षणीय आहे. तरीही दर सहा रुग्णांपैकी पाच जण नियंत्रणाबाहेरच राहतात, हेही त्याच आकड्यांतून दिसते.

देशाचे चित्र याहून वेगळे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडिॲब' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

नियंत्रण इतके कमी का? औषध न मिळणे हे एक कारण होते. दूरचे आरोग्य केंद्र, तिथली रांग, बुडणारी मजुरी आणि सोबतीला कोणी नसणे यांमुळे अनेकांचे उपचार मध्येच खंडित होत. वयाची पंचेचाळीस वर्षे ओलांडलेल्या आणि चालणे-फिरणे अवघड झालेल्या व्यक्तींना घरी औषध देण्याची सोय झाल्याने हे कारण बऱ्याच अंशी दूर झाले. दुसरे कारण मात्र पाकिटाने दूर होत नाही. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. माणसाला बरे वाटत असते आणि बरे वाटत असताना रोज गोळी घेणे कोणालाही निरर्थक वाटू शकते. दोन महिने गोळ्या घेतल्या, रक्तदाब सामान्य आला, आता आजार गेला, असा समज होऊन औषध थांबवले जाते. वास्तविक रक्तदाब सामान्य आला तो औषधामुळेच. हा कार्यकारणभाव लक्षात आला नाही, तर दारात आलेली गोळी फळीवर पडून राहते आणि एखाद्या पहाटे पक्षाघाताचा झटका येतो.

साक्षरतेचे तीन स्तर

आरोग्यसाक्षरता आणि अक्षरओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० साली आरोग्यसाक्षरतेचे तीन स्तर मांडले. आजही तेच वर्गीकरण सर्वाधिक वापरले जाते. पहिला स्तर कामापुरत्या समजेचा : गोळी कोणती, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. दुसरा संवादाचा : डॉक्टरला प्रश्न विचारणे, उत्तर समजून घेणे आणि ते आपल्या दिनक्रमात बसवणे. तिसरा स्तर पारखून घेण्याचा : मोबाईलवर आलेला 'महिनाभरात मधुमेह मुळापासून बरा' हा दावा कोणी केला आणि त्यात त्याचा लाभ काय, हे तपासणे, आपल्या गावात मीठ, मद्य, तंबाखू यांचे प्रमाण का वाढले आहे, असा प्रश्न ग्रामसभेत विचारणे.

प्रशिक्षण बहुतेक वेळा पहिल्या स्तरावर थांबते. यंत्र कसे बांधावे आणि नोंद कुठे करावी हे शिकवले जाते. स्वयंसेविकेला प्रत्यक्षात तोंड द्यावे लागते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तरावरील प्रश्नांना. 'या गोळ्यांनी मूत्रपिंड खराब होते म्हणतात, खरे का?' हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. आटोक्यात नसलेला रक्तदाब आणि मधुमेह हीच मूत्रपिंड निकामी होण्याची प्रमुख कारणे आहेत, तेव्हा भीती औषध सोडण्याची बाळगली पाहिजे, हे उत्तर तिला ठाऊक हवे. आणि ते धीराने, समोरच्याचा अवमान न करता देताही यायला हवे.

शब्दांत दडलेले समज

आजाराचे लोकभाषेतील नाव बरेच काही सांगून जाते. तमिळमध्ये उच्च रक्तदाबाला सर्रास 'रत्तक्कोदिप्पु' म्हणतात. शब्दशः अर्थ 'रक्त उकळणे'. साहजिकच, ज्याला राग येतो त्याला हा आजार, शांत माणसाला कसा होईल, असा तर्क केला जातो. मधुमेह हा 'सर्क्करै नोय', म्हणजे साखरेचा आजार. मग चहातली साखर बंद केली की काम झाले, असे वाटते. ताटातल्या भाताच्या राशीकडे लक्ष जात नाही. भात हेच मुख्य अन्न असलेल्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हा गैरसमज विशेष महागात पडतो.

मराठीतही असेच घडते. 'मला साखर आहे' किंवा 'बीपी आहे' असे आपण म्हणतो आणि 'आता बीपी राहिला नाही' असेही म्हणतो. पूर्वी देवीच्या रोगाला मराठीत नावच देवीचे होते. तमिळ मुलखात त्याचे नाते मारियम्मनशी जोडलेले होते. तंजावरजवळचे पुन्नैनल्लूर येथील मारियम्मनचे मंदिर भोसले घराण्याशी निगडित आहे, हे इथे आठवावे. श्रद्धेची टर उडवून आरोग्यशिक्षण होत नाही. लोकांच्या मनातील चित्र कोणते आहे ते आधी ऐकून घ्यावे लागते आणि मग त्याच्या शेजारी नवे चित्र ठेवावे लागते. स्वयंसेविका त्याच गावातील, बहुधा बचतगटातील महिला असण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. तिला ते शब्द परके नसतात.

मिठाचे उदाहरण घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहूनही कमी मीठ खावे. 'मीठ कमी करा' एवढे सांगितल्यास घरातील बाई भाजीत चिमूटभर मीठ कमी घालते. पण शिळ्या भाताच्या पेजेबरोबरचे लोणचे, तळलेले अप्पळम म्हणजे पापड, आणि सुकवलेली खारी मासळी यांतून जाणारे मीठ तसेच राहते. कोकणातल्या घरालाही हे वर्णन तंतोतंत लागू पडेल. ज्या स्वयंसेविकेला त्या घरचे ताट माहीत आहे, तीच नेमक्या पदार्थावर बोट ठेवू शकते.

नदीकाठचे आजार

'तिरु' म्हणजे पवित्र, 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. पाच नद्यांच्या या गावाला कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज यांच्या समाधीमुळे देशभर ओळख आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीच्या आराधना उत्सवाला येथे हजारो लोक जमतात. कालवे आणि भातखाचरे यांच्या या प्रदेशात पाणी हे वैभव आहे, तसेच ते डासांचे पाळणाघरही होऊ शकते.

डेंग्यू आणि हत्तीरोग हे दोन्ही आजार डासांमुळे होतात, पण डास वेगळे आणि उपायही वेगळे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहतात. म्हणूनच टाकी नुसती रिकामी करणे पुरेसे नसते. ती घासूनच कोरडी करावी लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' हा नियम. हे 'का' सांगितले, तर नियम लक्षात राहतो. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो आणि गटाराच्या घाण पाण्यात वाढतो.

हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमांत सर्वांत अवघड ठरलेली गोष्ट म्हणजे धडधाकट दिसणाऱ्या माणसाला गोळ्या घ्यायला लावणे. रक्तात जंतू असूनही वर्षानुवर्षे लक्षण दिसत नाही आणि अशी व्यक्ती नकळत इतरांना आजार देत राहते. पाय सुजल्यावर औषधाने तो पूर्ववत होत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना हा अनुभव नवा नाही. इथे हत्तीरोग आणि रक्तदाब एका ठिकाणी येतात. दोन्हींत बरे वाटणाऱ्या माणसाला आज काही करायला सांगायचे असते, ते उद्याचे न दिसणारे संकट टाळण्यासाठी. लसीकरणाचेही तेच. प्रतिबंधाच्या कामात समजावण्याला उपचाराइतकेच, किंबहुना काकणभर अधिक मोल असते ते यामुळे.

भातशेतीत उघड्या पायांनी काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जंतू जखमेवाटे शरीरात जातात. सिंधुदुर्गातील शेतकरी हा आजार चांगलाच ओळखतात. पावसाळ्यात शेतात काम केल्यानंतर ताप आला, अंग व पोटऱ्या दुखू लागल्या, तर अंगावर न काढता आरोग्य केंद्र गाठणे आणि 'मी शेतात काम करतो' हे डॉक्टरला आपणहून सांगणे, ही आरोग्यसाक्षरताच होय.

तंजावरचा वारसा

लोकांच्या भाषेत वैद्यकज्ञान नेण्याचा प्रयत्न या मातीत पूर्वीही झाला आहे. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले (१७७७-१८३२) यांनी 'धन्वंतरी महाल' ही संस्था चालवली. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा विविध पद्धतींचे वैद्य तिथे एकत्र काम करीत, औषधे तयार होत आणि रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात. सरफोजींच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या असून आधुनिक नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. दरबारात मराठीचा वापर असूनही, अनुभवाला उतरलेले औषधोपचार तमिळ पद्यांत बांधण्यात आले. 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ते संग्रह ओळखले जातात. पद्य पाठ राहते आणि तोंडोतोंडी पसरते, हा त्यामागील व्यवहार आजच्या भित्तिपत्रकांपेक्षा कमी शहाणपणाचा नव्हता. तंजावरमधील सरकारी रुग्णालयाच्या 'राजा मिरासदार' या नावातही त्या काळाची खूण आहे.

जामखेड आणि गडचिरोलीचा धडा

स्वयंसेवकांची कल्पना देशपातळीवर प्रथम २ ऑक्टोबर १९७७ रोजी राबवली गेली. अल्मा-आटाची जागतिक परिषद त्यानंतर वर्षभराने, १९७८ मध्ये झाली. 'सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता' असे या योजनेतील कार्यकर्त्याचे सुरुवातीचे नाव पुढे 'सामुदायिक आरोग्य स्वयंसेवक' आणि १९८१ पासून 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक' असे झाले. निवडलेल्यांत पुरुषांचा भरणा होता, अनेक जण गावातले छोटे डॉक्टर बनू पाहत होते आणि पाठपुरावा तुटपुंजा होता. योजना हळूहळू विरली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्त्या आल्या तेव्हा ती जबाबदारी जाणीवपूर्वक महिलांकडे देण्यात आली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला.

त्याआधीच महाराष्ट्राने वाट दाखवली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. त्यांनी घडवलेल्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या. तरीही गरोदरपणातील धोका, बाळाचा जुलाब, कुष्ठरोगाचा डाग त्या ओळखत आणि गावाला पटवूनही देत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर सुईणींना बाळाच्या श्वासाची गती मोजता यावी म्हणून मणी सरकवायचे साधे उपकरण बनवले. पुढे ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिक्षणाचा अभाव हा आरोग्यसाक्षरतेतील अडसर नव्हे. अडसर असतो तो शिकवण्याच्या पद्धतीत, हे या दोन्ही कामांनी दाखवून दिले.

दारात काय घडायला हवे

चांगली भेट दहा-पंधरा मिनिटांची असते. रक्तदाब मोजण्यापूर्वी व्यक्ती पाच मिनिटे शांत बसलेली असावी, पाठीला टेका असावा, हात हृदयाच्या पातळीवर असावा, अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा तंबाखू घेतलेली नसावी. उन्हातून आलेल्या माणसाचा दंड धरून लगेच घेतलेला आकडा फसवा असतो. १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा ९० किंवा अधिक आढळल्यास पुन्हा मोजून डॉक्टरकडे पाठवायचे. एका नोंदीवरून निदान सांगायचे नाही.

नंतरचा भाग अधिक महत्त्वाचा. सांगून झाल्यावर 'समजले का?' असे विचारले की बहुतेक जण मान डोलावतात. त्याऐवजी 'आता तुम्ही घरी सुनेला हे कसे सांगाल?' असे विचारावे. रुग्णाने आपल्या शब्दांत सांगितले की काय निसटले ते लगेच कळते. ही परीक्षा रुग्णाची नसून सांगणाऱ्याची असते. एका भेटीत दोन-तीनच गोष्टी सांगाव्यात, उरलेल्या गोळ्या मोजाव्यात आणि चुकलेल्या दिवसांबद्दल रागावू नये. रागावल्यास पुढच्या वेळी खरे उत्तर मिळत नाही. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात गळून पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा.

देशात तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी करताना आशा एक प्रश्नावली भरतात. वय, तंबाखू, मद्यपान, कंबरेचा घेर, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांना गुण दिले जातात. चारपेक्षा अधिक गुण असल्यास तपासणीसाठी प्राधान्याने पाठवले जाते. ही प्रश्नावली रकाने भरण्यापुरती राहू शकते किंवा तीच संभाषणाची उत्तम सुरुवातही होऊ शकते. सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत राबवलेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा भरही साधी उपचारपद्धती, अखंड औषधपुरवठा आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा यांवरच होता.

ओझे कोणाच्या खांद्यावर

या साऱ्या अपेक्षा ज्यांच्याकडून आहेत त्या स्वयंसेविका वेतनावर नाहीत, मानधनावर काम करतात. 'स्वयंसेविका' या शब्दात सन्मान आहे, तसाच कर्मचारी म्हणून मिळणाऱ्या हक्कांपासून दूर ठेवणारा आडपडदाही आहे. महाराष्ट्रातील आशांनी मानधनासाठी वेळोवेळी संप केले, त्यामागेही हीच विसंगती आहे. दिवसाला किती घरे झाली याचा हिशेब मागितला जातो. किती घरांना समजले, याचा रकाना नोंदवहीत नसतो. जे मोजले जाते तेच केले जाते, हा प्रशासनाचा जुना नियम येथेही लागू पडतो. शिवाय, इतरांचा रक्तदाब मोजणाऱ्या या महिलांपैकी अनेक जणी स्वतःही त्याच वयोगटात असतात. त्यांच्या तपासणीकडे लक्ष देणे हे व्यवस्थेचे काम आहे.

उपाय फार खर्चिक नाहीत. वर्षातून एकदाच्या प्रशिक्षणाऐवजी दरमहा दोन तासांची बैठक, घरोघरी विचारले गेलेले अवघड प्रश्न तिथे मांडून त्यांची उत्तरे शोधण्याची मुभा, परिचारिकेची सोबत आणि भेटीला पुरेसा वेळ, एवढ्याने बराच फरक पडू शकतो. नियंत्रणात असलेल्या रुग्णांचे प्रमाण सातावरून सतरा टक्क्यांवर नेण्यास गोळ्यांच्या पाकिटाने मोठा हातभार लावला. तेथून पुढची वाटचाल मात्र दारात होणाऱ्या संभाषणाच्या दर्जावर अवलंबून राहील. तिरुवैयारुतील स्वयंसेविकेसाठी हे जितके खरे आहे, तितकेच ते साताऱ्यातील आशा कार्यकर्तीसाठीही आहे.